पिवळ्या लिफाफ्यावरची तारीख

जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या कोर्टातल्या त्या क्लार्क बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि कुठलाही कागद वाचण्याआधी त्या तो तळहाताने सपाट करत.

गाडीचे ब्रेक निकामी होऊन माझ्या पुतण्याचा गुडघा मोडला होता, आणि गाडी दुरुस्त करणाऱ्या गॅरेजवरचा खटला त्याच्या वतीने मी पाहत होतो. चूक गॅरेजची आहे हे सांगणाऱ्या तज्ज्ञाचं नाव दोन आठवड्यांत कळवा, असं कोर्टाचं पत्र नेमकं गणपती बसले त्या दिवशी माझ्या घरी आलं. सणात कोर्टाचा कागद नको, म्हणून मी ते न उघडताच मखरामागे सरकवलं. विसर्जनानंतर विसरलो आणि मुदत टळली.

उशिरा का होईना, नाव स्वीकारा, असा अर्ज करायला मी कोर्टात गेलो.

"पत्र उशिरा मिळालं, असं लिहा," मी म्हणालो.

बाईंनी लिफाफा सपाट केला आणि पत्र टाकताना पोस्टमनने घातलेल्या तारखेवर बोट ठेवलं. "आल्झो, तर मग, हा पोस्टमन बिचारा वेळेवर आला होता. खरं काय झालं?"

मी सांगितलं. त्या न हसता टाइप करत राहिल्या.

"तुमचा देव किती दिवस राहतो?"

"दहा."

"म्हणजे चौदांतले उरलेले चार दिवस तुमचे." आणि तेही त्यांनी लिहिलं.

न्यायाधीशांनी अर्ज मान्य केला, पुतण्या खटला जिंकला. घरी मात्र मी इतकी वर्षं पोस्टमनलाच दोष दिला. परवा पुतण्याजवळ सगळं कबूल केलं.

"अहो काका," तो हसला, "कोर्टाच्या आदेशात गणपती होता, तुमचे चार दिवसही होते. मी तेव्हाच वाचलं होतं."