बत्तीस संगणकांचं सोंग

आमच्या शेंद्र्याच्या कारखान्यात बन्सीभाऊंचं पद 'सिस्टिम'. म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी बन्सीभाऊ आणि वायफाय गेलं तरी बन्सीभाऊ. लासूर स्टेशनच्या शाळेत शिकलेला, सत्तेचाळीस वर्षांचा हा माणूस. मी डिस्पॅचला, त्यांच्या शेजारच्याच टेबलावर. त्यामुळं त्यांना फुटलेला घाम सगळ्यांत आधी मला दिसायचा.

सहा वर्षांपूर्वी कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला आणि पॅकिंग लाइन दोनदा बंद पडली. तेव्हा बन्सीभाऊंनी दिवाळीच्या सुट्टीत गुपचूप बत्तीस संगणकांवर विंडोज काढून लिनक्स ही दुसरी प्रणाली घातली. चोरीचं नव्हे, रीतसर. लिनक्सवाल्या कंपनीकडून सर्व्हरचा, म्हणजे सगळ्यांना जोडणाऱ्या मुख्य संगणकाचा, करार घेतला की डेस्कटॉपची, म्हणजे टेबलावरच्या संगणकांची, आवृत्ती सोबत मिळायची. पण पॅकिंगच्या बायकांना स्क्रीनवर काही नवं दिसलं की काम थांबतं. म्हणून त्यांनी लिनक्सला विंडोजचं सोंग दिलं. मागं तीच हिरवी टेकडी, वर तीच कचरापेटी, खाली डावीकडं तसंच बटण. व्यवस्थापक अमेयसरांना सांगितलं, नवं विंडोज आहे. पॅकिंगची लेबलं छापणाऱ्या लीलाबाईंनी माऊस हलवून पाहिला आणि आधीपेक्षा पळतंय बरं, असा दाखला दिला. खरं सांगायची वेळ तिथंच निघून गेली. लाइन मात्र त्यानंतर एकदाही थांबली नाही.

यंदा जानेवारीत त्या लिनक्सवाल्या कंपनीचा मेल आला. डेस्कटॉप आवृत्ती एकतीस मार्चला बंद, पुढं सुरक्षेच्या दुरुस्त्या नाहीत. सर्व्हरची सेवा अजून दहा वर्षं. बन्सीभाऊंनी त्यांच्या पुण्याच्या ऑफिसला फोन लावला. तिकडचे ऋतुराज नावाचे साहेब फार गोड बोलले. त्यांचं म्हणणं, डेस्कटॉपवाले फॉन्ट दिसेना, ब्लूटूथ जोडेना म्हणून रोज फोन करतात. सर्व्हरवाले वर्षातून एकदा करतात, तोही करार वाढवायला.

"काका, तुमचे डेस्कटॉप बत्तीस आणि सर्व्हर एक," ते म्हणाले. "आमचं घर त्या एकावर चालतं."

बन्सीभाऊंनी फोन ठेवला आणि रिकामा ग्लास तोंडाला लावून दोन घोट घेतले.

फेब्रुवारीत आमचा माल घेणाऱ्या मोटार कंपनीची तपासणी होती. तिच्या फॉर्मवर रकाना होता: संगणकावर कोणती प्रणाली, दुरुस्त्या कधीपर्यंत. खरं लिहिलं तर सहा वर्षांची थाप सरांसमोर येऊन नोकरी जायची भीती. खोटं लिहिलं आणि सापडलं तर अख्ख्या कारखान्याचं काम जाणार. बन्सीभाऊंनी रकाना कोरा ठेवला. डबा न उघडता घरी न्यायला लागले. नवा मेल आल्याचा आवाज झाला की खुर्चीतच आखडायचे. मी गमतीनं म्हणालो की भाऊ, सर्व्हर व्हा, वर्षातून एकदाच कुणी विचारेल. ते हसले नाहीत, तेव्हा मीही घाबरलो.

तपासणीला मोटार कंपनीच्या प्रेरणा मॅडम आल्या आणि नेमक्या लीलाबाईंच्या संगणकाशी बसल्या. कुठलं विंडोज, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, नवंच आहे. मॅडमनी डावीकडच्या बटणाकडं माऊस नेला; ते दाबलं की सोंग उघडं पडणार होतं. बन्सीभाऊ टेबलाची कड सोडून पुढं आले.

"मॅडम, थांबा," ते म्हणाले. "हे इंडोज नाय. लिनक्स हाय. मी घातलं. सरांना ठाऊक नाय."

मग लीलाबाईंनी विचारलं, "म्हंजी माझी सहा वर्षांची लेबलं खोटी का काय?"

"लेबलं खरीच हायेत, बाई."

दुरुस्त्या मार्चपर्यंतच, हेही त्यांनी सांगून टाकलं. मॅडमनी शांतपणे लिहून घेतलं: मार्चनंतरच्या दुरुस्त्यांची सोय तीस दिवसांत दाखवा, नाहीतर ऑर्डर थांबेल.

करारांची फाइल माझ्या कपाटात असायची, म्हणून सरांनी बन्सीभाऊंबरोबर मलाही केबिनमध्ये बोलावलं. बन्सीभाऊ बसायला तयार नव्हते.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही काढायला लावलं असतं, सर."

"लावलंच असतं." सरांनी फाइल उलटली. "सर्व्हरचा करार कधी वाढवायचाय?"

पंधरा मार्चला, मी म्हणालो. सरांनी पुण्याला फोन लावायला सांगितला, स्पीकरवर. ऋतुराजना ते एवढंच म्हणाले की करार हवा तर तेहतीसच्या तेहतीस संगणक सांभाळा, नाहीतर त्या एका सर्व्हरचा करारही आम्ही वाढवणार नाही. ऋतुराज या वेळी काका म्हणाले नाहीत. वर विचारून सांगतो म्हणाले.

चार दिवस बन्सीभाऊ खिशात राजीनामा घेऊन फिरले. कागद घामानं इतका मऊ झाला की द्यायच्या लायकीचा राहिला नाही. पाचव्या दिवशी मेल आला: सर्व्हरच्या जुन्या ग्राहकांना डेस्कटॉपवर अठरा महिने सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील, फोनवर मदत नाही, नवं काही नाही.

बन्सीभाऊंनी फॉर्मवर लिनक्स लिहिलं, तारीख लिहिली. सरांनी खाली सही केली, पुढची सोय अठरा महिन्यांच्या आत शोधा म्हणाले, आणि या वेळी सोंग नको.

"व्हय, सर."

दार उघडलं तर बाहेर पॅकिंगच्या अकरा बायका लीलाबाईंच्या मागं उभ्या. आपल्या संगणकात सहा वर्षं काय ठेवलं होतं, ते त्यांना आत्ताच समजून घ्यायचं होतं. बन्सीभाऊ उंबऱ्यावरच थबकले आणि माझी बाही धरून हळूच म्हणाले, "तू व्हय पुढं."