हॉटेल वाढवणार, असं मी ऐकलं

लढाईच्या वर्षांत मी सांगलीच्या पेठेतल्या एका हॉटेलात वाढपी होतो. खाली पंगत, वर उतारूंच्या पाच खोल्या आणि मागं लाकूडफाट्याची एक अंधारी खोली, एवढाच पसारा. सहा वाट्या एका हातावर पेलत मी पंगतीतून फिरायचो आणि भिंतीवरच्या आरशात स्वतःला बघून घ्यायचो. त्या नादात एका वकिलाच्या धोतरावर आमटी सांडली, तरी खोड गेली नाही. तांदूळ मिळेनासा झाला तेव्हा भाताऐवजी कण्या वाढाव्या लागत. उतारू माझ्याकडं असं बघत, जणू ही लढाई मीच लावून दिली होती.

बायको पाटणच्या वरच्या अंगाला, आमच्या वाडीत, थोरल्या भावाच्या घरी होती. आदल्या वर्षी आमचं पहिलं लेकरू तिथं तापानं गेलं. डोलीतून पाटणच्या दवाखान्यात नेत होते, वाटेतच संपलं. मला कार्ड पोचलं ते तिसऱ्या दिवशी. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. दिवाळीनंतर घरी गेलो, तेव्हा ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

"मला सांगलीला न्या. ह्ये लेकरू मी हितं जन्माला घालणार न्हाई."

"खोली मिळू दे की."

"कवा?"

"मिळंल."

"पंगतीत बी असंच सांगता व्हय, भात येतुया म्हणून?"

सांगत होतो.

मागच्या खोलीसाठी मालकांना विचारायचं मी रोज ठरवायचो आणि रोज उद्यावर ढकलायचो. फाल्गुनात एक दिवस पेठेतला एक गृहस्थ फीत घेऊन आमची संगमरवरी टेबलं मोजायला आला. त्याला ताक देताना मालकांचं बोलणं कानावर पडलं, "चैत्र लागला की हॉटेल वाढवायचं ठरवलंय."

मालकांचे डोळे ओले होते. मला वाटलं, आनंदानं. तेवढ्या उमेदीवर मी तोंड उघडलं.

"मालक, वाढवताय म्हणं."

"होय रे. जड जातंय, पण करणार काय?"

"मग ती मागली खोली... घरच्यांना आणायचं म्हनत होतो."

"मला ती आता कशाला लागतेय? घे की चार दिवस."

यातलं 'घे की' मला ऐकू आलं. 'चार दिवस' ऐकू आलं नाही. त्याच दिवशी कार्ड टाकलं: हॉटेल वाढणार हाय, मालकांनी खोली दिली, पाडवा झाला की निघून ये. भावानं म्हणे ते अंगणात उभं राहून सगळ्या वाडीला वाचून दाखवलं.

पाडव्यानंतर दोन दिवसांनी आमचे आचारीबुवा झारे आणि पळ्या पोत्यात भरताना दिसले.

"बुवा, ह्ये काय?"

"परवा टेबलं जाणार. त्याच्याआधी माझं आवरतोय."

"नवी येणार असतील."

बुवांनी माझ्याकडं निरखून बघितलं. "नवी? अरे गड्या, हॉटेल बंद होतंय."

"वाढवणार म्हणाले की!"

"मग? दुकानदार काय 'बंद' असं तोंडानं म्हणतो? नारळ वाढवतात तो काय मोठा होतो व्हय?" बुवा पोट धरून हसले. मी हसत नाही हे बघून थांबले. "बायकोला लिहिलंस?"

"उद्याच्या मोटारीनं यायलीया."

दुसऱ्या दिवशी दुपारी सर्व्हिस मोटार आली. वर टपावर तिची ट्रंक होती, घागर होती आणि चक्क जातं होतं. दोन हमालांनी शिव्या देत ते खाली उतरवलं.

"जातं कशाला आणलंस?"

"हाटेल मोठं व्हायचंय न्हवं? पीठ नगं?" ती हसत होती. वर्षभरात पहिल्यांदा. "जाऊबाई म्हणाल्या, जा बाई, हाटेलवाली व्हा. मी बी सगळ्यांदेखत सांगून आलीया, आता या उंबऱ्याला पाय लावणार न्हाई."

तिथंच, त्या जात्याशेजारी उभा राहून, मी तिला सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पोटावर हात ठेवून तिनं एवढंच विचारलं, "खोली हाय का न्हाई?"

"चार दिवस हाय."

ते चार दिवस मी सांगलीतली एकूण एक खानावळ पालथी घातली. सगळीकडं असलेलीच माणसं कमी करत होते. एका ठिकाणी मी सहा वाट्या पेलूनही दाखवल्या. तिथला मालक म्हणाला, "वाट्या आहेत रे, त्यात घालायला काय आहे?" परत येताना पाय खोलीकडं वळेनात. एकदा तर मनात आलं, कृष्णेच्या घाटावरून असंच पुढं चालत जावं. पण ती मागं एकटी राहिली असती.

पाचव्या दिवशी सकाळी जागेचा नवा भाडेकरू कुलूप घेऊन आला. हळदीचा व्यापारी होता, त्याला तिथं वखार करायची होती. मी ट्रंक उचलली. बायको जागची हलली नाही.

"आवं शेठ, हळदीला राखण लागंल न्हवं?"

"राखणदार आहे माझा."

"त्यो हळद निवडून दील? झाडलोट करंल? आमी दोघं करतो. मला दवाखाना जवळ पायजे, दुसरं काय बी नगं."

शेठजींनी तिच्या पोटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "हा काय करतो?"

"ह्यांला पोती उचलू द्या. आरसा तेवढा दावू नगा."

"बाळंतपणापुरतं," असं म्हणून त्यांनी कुलूप खिशात टाकलं.

आषाढात मुलगी झाली. हळदीच्या धुरळ्यानं तिची दुपटी पिवळी, आमची नखं पिवळी. ती जगेल यावर आम्हा दोघांचाही विश्वास बसत नव्हता, आणि तसं एकमेकांना सांगायचा धीर नव्हता. रोज सकाळी पोत्यांना हात लावण्याआधी मी तिच्या नाकापुढं बोट धरायचो. बोटाला ऊब लागली की बायको म्हणायची, "झालं बघून? जावा आता."