अकरा नावांचं हँडबिल

"साहेब, नानांचं नाव सगळ्यात वर घ्या. चुलते हायत, लय मान हाय त्यांचा."

दिगंबरनं हे तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा माझं डोकं फिरलं. त्याच्यापुढं प्रूफ होतं. प्रूफ म्हणजे छपाईआधी चुका बघायला काढलेली कच्ची प्रत. त्याला चूक एकही दिसत नव्हती, नावं तेवढी कमी वाटत होती.

सेलूच्या एका प्रेसमध्ये मी हँडबिलांचा मजकूर लिहायचो. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. सभा-मोर्चांची पत्रकं सारखी यायची. त्यात कुठं, कधी, कशासाठी, एवढंच असायचं. दुकानदारांना मात्र एवढ्यावर भागतं हे कधी पटलं नाही.

दिगंबरनं कापसातून सरकी काढायच्या जिनिंगमधली नोकरी सोडून फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. कापसाच्या फवारणीचा हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा. तेवढ्यात गिऱ्हाईक लागलं नाही तर दुकानाला कुलूप आणि पुन्हा जिनिंगच्या दारात उभं राहणं, हे तोच सांगायचा. आणि हँडबिल कसं हवं? वर कुलदैवत, मग मानाप्रमाणे वडीलधारे, खाली 'आपले नम्र' म्हणून सगळे चुलतभाऊ. एकूण अकरा नावं. दुरुस्तीला उरली एक ओळ, तीही बारीक टाइपात.

"अरे, ही ओळ वाचणार कोण?"

"नाव गाळलं तर घरात बोलणं बंद हुईल, साहेब."

छापलं एकदाचं. उद्घाटनाला माणसं लोटली. धुतलेले कपडे, हातात नारळ, टॉवेल-टोपी. दिगंबरला आहेर केला, चहा घेतला आणि गेली. पंप एकानंही आणला नव्हता. पुढचे आठ दिवस दुकानात दिगंबर आणि नारळ.

मला त्याचा राग आला, पण स्वतःचा जास्त आला. लिहिणारा मी होतो ना! बाजारच्या दिवशी मी बाजारात फिरलो आणि फवारणीत त्रास कशाचा होतो, एवढंच विचारत गेलो. एकानं सदरा वर करून पाठ दाखवली. लालबुंद झाली होती.

"पंप गळायलाय. औषध पाठीवर उतरतंय. वायसर बदलायला परभणी गाठावी तर दिवस मोडतो."

वायसर म्हणजे रबराची चकती. मी परत येऊन लिहिलं: 'पंप पाठीवर गळतो का? बाजाराला येताना घेऊन या. तुमचा बाजार होईपर्यंत वायसर बदलून ठेवतो.' खाली दुकानाचा पत्ता. माणसाचं नाव एकही नाही.

"नाना मला जित्ता ठेवायचे न्हाईत," दिगंबर म्हणाला. पण नारळांकडं बघून छाप म्हणाला.

पुढच्या बाजारी दुकानापुढं पंपांची रांग लागली. मीही मुद्दाम जाऊन बसलो होतो. दुपारी त्याचे चुलते नाना आले. हातात नवं हँडबिल.

"माझं नाव कुठं हाय रे यात?"

दिगंबर उठून उभा राहिला. नानांनी पाठीवरचा पंप खाली उतरवला. सदरा मागून ओला होता.

"नावाचं घरी बघू. आदी ह्याचं वायसर बदल. दोन वर्सं झाली, गळायलाय."

पहिल्या हँडबिलावर कुलदैवताखाली पहिलं त्यांचंच नाव होतं. पुतण्या काय दुरुस्त करतो, हे त्यांनाही दुसऱ्या हँडबिलावरून कळलं. त्यानंतर मजकूर लिहिण्याआधी मी मालकाला कमी आणि गिऱ्हाइकाला जास्त विचारू लागलो.