शुक्रवारचे पाहुणे

मानकोली नाक्यावरचा आमच्या ओळखीचा जमिनीचा दलाल, गोदामासाठी जागा शोधणाऱ्या परदेशी पाहुण्यांना फक्त शुक्रवारी आणतो. त्या दिवशी भिवंडीतले कापडाचे लूम बंद असतात, खडखडाट नसतो, रस्ताही जरा मोकळा असतो.

"बंदर जवळ, हायवे जवळ, आनि मानसं एकदम शांत," तो सांगतो. पाहुणे त्या शांततेवर खूश होतात.

परवा तो आमचं भाताचं शेत मागायला आला. बदल्यात भिवंडी शहरात दुकानाचा गाळा देणार होता.

"लय भारी जागा हाय, काका. शुक्रवारी दाखवतो."

"सोमवारी दाखव," मी म्हणालो.

"तुमी पाहुन्यांसारखं न्हाय वागत, काका."

शेत अजून आमचंच आहे.