जीभ बाहेर राहिलेला रोल

हिंगोलीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक फोटो स्टुडिओ होता. आता पुढच्या अंगाला मालकांचा मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो. मागची अंधारी खोली मात्र जशीच्या तशी आहे. लाल बल्ब, तीन ट्रे, आणि फोटो मोठा करायचं ते उंच मानेचं यंत्र, एन्लार्जर. मालकांना आम्ही काका म्हणतो. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या लग्नांचे फोटो काढले. डिजिटल आलं तेव्हा शटर खाली ओढलं, पण आतला संसार मोडला नाही. त्या संसाराच्या नादाने आम्ही तिघं त्यांच्या गळ्यात पडलो ते कायमचेच.

तिघं म्हणजे सेनगावच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम, हिंगोली ते सेनगाव जीप चालवणारा पुसेगावकडच्या बंजारा तांड्यावरचा आमचा जीपवाला, आणि मी. मी हळदीच्या बाजारात काट्यावर बसून दिवसभर पावत्या लिहितो. चौघांत सगळ्यात उशिरा मी आलो आणि सगळ्यात जास्त बोलतोही मीच. घरात या छंदाला खूळ म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, ते खूळच आहे.

फिल्म पुण्याहून मागवावी लागते, ती काही सोयाबीनसारखी पोत्याने येत नाही. म्हणून काकांनी पहिल्याच दिवशी नियम घालून दिला. महिन्याला एक रोल, एकच कॅमेरा, फोटो छत्तीस, माणशी नऊ. कॅमेरा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातो, आणि ज्याच्या गळ्यात कॅमेरा त्याचा मोबाइल पिशवीत. दुसरा नियम रोल संपल्यानंतरचा. फिल्म उलटी फिरवून तिच्या डबीत ओढायची, आणि तिचं पुढचं टोक, ज्याला काका जीभ म्हणतात, तेसुद्धा आत जाऊ द्यायचं. जीभ बाहेर असली तर रोल कोरा, आत गेली तर काढलेला. काकांकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात कोरे आणि काढलेले रोल एकत्रच पडलेले असतात. अंधारातसुद्धा बोटाला कळलं पाहिजे, असं काकांचं म्हणणं.

आणि त्यांच्या बोटांना सगळं कळतं हे मी पाहिलंय, म्हणजे काहीच न दिसणाऱ्या अंधारात ऐकलंय. दार लावून, फटीला चादर कोंबून ते काढलेल्या रोलची डबी उघडतात आणि फिल्म चक्रीवर चढवतात. नुसती बारीक खसखस ऐकू येते, आणि आपण आवंढा गिळायच्या आत काका म्हणतात, झालं. मी तेच करायला गेलो की फिल्म दुमडते, चक्री हातातून पडते आणि माझ्या तोंडून बाजारातली भाषा बाहेर येते. मॅडमचं काम औषधाचं. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाचं पाणीच चहा करण्याजोगं तापलेलं असतं, त्यामुळे रसवंतीवरून बर्फ आणायचा, त्यात औषधाचं भांडं ठेवायचं आणि काटा बरोबर जागेवर येईपर्यंत थर्मामीटरवरची नजर काढायची नाही. एवढी चिकाटी माझ्यात असती तर मी काट्यावर बसलोच नसतो.

पण फोटोचा डोळा म्हणाल तर तो जीपवाल्याचा. मी नऊ फोटो एका दुपारी उडवून मोकळा होतो. तो पंधरा दिवस कॅमेरा जीपच्या सीटखाली घेऊन हिंडतो, एखाद्या बांधापाशी इंजिन बंद करतो, उतरतो, बघतो, आणि फोटो न काढताच परत येतो. आतली पॅसेंजर मंडळी बोंब मारतात. तो हसतो आणि किल्ली फिरवतो. त्याचे नऊच्या नऊ फोटो पाहण्यासारखे असतात, आणि याचा मला राग येतो आणि अभिमानही वाटतो.

ही गोष्ट त्याच्या आईची आहे. तांड्यावर आईला याडी म्हणतात, म्हणून आम्हीही याडीच म्हणतो. साऱ्या तांड्यात जुना पोशाख अंगावर घालणाऱ्या त्या शेवटच्या. फेटिया म्हणजे घेराचा घागरा, वर आरशांची कांचळी म्हणजे चोळी, कवड्या, नाणी, सगळं स्वतःच्या हाताने भरलेलं. बाजाराच्या दिवशी लोक न विचारता मोबाइल रोखायचे, म्हणून याडी तोंड फिरवून चालायच्या. मुलाच्या मोबाइललाही त्यांनी कधी फोटो दिला नव्हता.

या उन्हाळ्यात गुडघ्यांनी जवाब दिला आणि तो वजनदार घागरा त्यांना पेलवेना. तीन मुली आणि एक सून, चौघींनाही तो हवा होता आणि घालणार एकही नव्हती. भांडण नको म्हणून याडींनी ठरवलं की पोशाखाचे चार भाग करायचे आणि एकेकीला एकेक द्यायचा. त्यांचं ठरलं म्हणजे ठरलं. जीपवाल्याने फक्त एवढीच गळ घातली की कापण्याआधी एकदा आमच्या कॅमेऱ्यापुढे बस. याडींनी कॅमेरा हातात घेऊन पाहिला, वजन पाहिलं. यात नऊच निघतात आणि हा विचारून निघतो, हे मुलाने समजावल्यावर त्या कबूल झाल्या, पण मोबाइल जीपमध्येच ठेव म्हणाल्या. आणि एकदाच बसेन, पुन्हा नाही, असंही बजावलं.

त्या रोलवरचे पहिले नऊ फोटो याडींचे. आठ उंबऱ्यावर बसलेले, नववा दारासमोर उभा, सगळा घेर दिसेल असा. पुढच्या गुरुवारी त्यांनी कात्री लावली. जीपवाल्याने हे आम्हाला सांगितलं तेव्हा काका म्हणाले की आता तो पोशाख अख्खा फक्त या डबीत आहे. मॅडमनी त्यांचे नऊ काढताना आणि काकांनी त्यांचे काढताना कॅमेरा तान्ह्या लेकरासारखा सांभाळला. मग तो माझ्याकडे आला.

मी माझे नऊ काढले, रोल संपवला. त्याच आठवड्यात मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. फिल्म उलटी फिरवताना शेवटची खट् ऐकू आली की थांबायचं, म्हणजे जीभ बाहेर राहते आणि धुताना डबी फोडावी लागत नाही. काकांचे कष्ट वाचतील, शाबासकी मिळेल, म्हणून मी कान लावून फिरवलं आणि बरोबर वेळेवर थांबलो. जीभ सुंदर बाहेर राहिली. काका त्या दिवसांत काकूंच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नांदेडला होते. भेटल्यावर सांगू म्हणून मी रोल बिस्किटांच्या डब्यात टाकला. दिवसभर पावत्यांवर पावत्या लिहिणाऱ्या माणसाने त्या डबीवर पेनाची एक रेघ ओढली नाही.

काकांचा मुक्काम लांबला. नव्या महिन्याची सुरुवात माझ्या पाळीने होती. मी डब्यात हात घातला, सगळ्यात वरचा, जीभ बाहेर असलेला रोल उचलला, कॅमेऱ्यात भरला आणि बाजारात गेलो. भर दुपारी हळदीच्या ढिगांचे आठ फोटो काढले. पिवळ्या जिनसाचे काळे-पांढरे फोटो काढतो म्हणून मॅडम मला नेहमी हसतात. नववा हमालांनी चहाला बोलावलं तेव्हा गोदामाच्या आतून काढला. चहूकडे गडद अंधार आणि समोर दाराचा उजेड.

काका परतल्यावर रविवारी सकाळी आम्ही धुवायला जमलो. काकांनी डब्यात हात घातला, एकेक रोल चाचपला, आणि म्हणाले की काढलेला रोल यात नाहीच. मी ताबडतोब आवाज चढवला. मी स्वतः टाकलाय, तुमच्या दुकानात कोण कोण हात घालतं कुणास ठाऊक, मॅडमनी बर्फ ठेवताना हलवला असेल, असं वाट्टेल ते बोललो. काकांनी मला संपू दिलं. मग शांतपणे विचारलं,

"जीभ आत गेली व्हती का?"

जीभ बाहेर राहिलेला तोच रोल कोरा समजून मी पुन्हा भरला होता. कॅमेरा माझ्याच गळ्यात होता. माझ्या मानेला पहिल्यांदा त्याचं वजन जाणवलं. मी जे केलं ते सांगितलं, व्हिडिओसकट. जीपवाला भिंतीला टेकून उभा होता. त्याने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

काकांनी कॅमेरा माझ्या गळ्यातून काढून घेतला, फिल्म उलटी फिरवली, जीभ आत जाईपर्यंत. "जे हाय ते हाय. धुऊन तर बघू," एवढंच म्हणाले, आणि दाराच्या फटीला चादर लावली.

फिल्म वाळत टाकली आणि आम्ही भिंग घेऊन बघितली. शेवटचे सत्तावीस उत्तम होते. त्यात माझे नऊ तर लख्ख आले होते, त्यांच्याकडे मला बघवेना. पहिल्या आठांत ढीगच ढीग. दुपारच्या उजेडाने याडींना धुऊन टाकलं होतं. कुठे बांगड्यांची रांग, कुठे एक कवडी. मग जीपवाल्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. "नववा?"

नवव्यात गोदाम होतं. एकदा काढलेल्या फिल्मवर दुसऱ्यांदा अंधार पडला, तर पहिलं चित्र तसंच राहतं, हे मॅडमनी मला नंतर वहीत रेघा ओढून समजावलं. त्या गोदामाच्या अंधारात याडी उभ्या होत्या. फेटियाचा घेर, कांचळीचे आरसे, पायांपर्यंत सगळं. फक्त तोंडाच्या जागी दाराचा उजेड आला होता.

काका त्या एका फोटोपाशी दुपार टळेपर्यंत उभे राहिले. एन्लार्जरखाली कागद ठेवायचा, आणि उजेड पडत असताना हाताच्या बोटांची सावली हवेत हलती ठेवायची, कुठे जास्त, कुठे कमी. अशाने काळ्यातून एकेक टाका वर येतो. पाच कागद त्यांनी बाद केले. मला चौथा उत्तम वाटला होता, तसं मी म्हणालोही. काका म्हणाले की डाव्या बाहीची नाणी अजून झोपलेली आहेत. सहाव्याला ती जागी झाली. लाल उजेडात, घामाने निथळणारा तो म्हातारा माणूस ट्रेवर वाकून बाहीवरची नाणी मोजत होता, आणि मी त्याच्यावर सकाळी आवाज चढवला होता. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी चिमट्याने कागद उलटा केला आणि पाण्याचा ट्रे पुढे ओढायला लावला. तोंड मात्र त्यांनाही आणता आलं नाही.

निघताना त्यांनी नवा रोल कॅमेऱ्यात भरला आणि कॅमेरा पुन्हा माझ्याच गळ्यात अडकवला. मी नको म्हणालो. "तुही पाळी बाकी हाय," काका म्हणाले.

फोटो याडींना मीच द्यायचा, असं जीपवाल्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी बसून मी तांड्यावर गेलो. सगळ्या रस्त्यात मी काय बोलायचं ते पाठ करत होतो. याडी साध्या लुगड्यात उंबऱ्यावर बसल्या होत्या. मी पाठ केलेलं सगळं विसरलो. चूक माझी, एवढंच म्हणालो आणि फोटो त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो उन्हात धरला, मग जवळ घेतला. बोट घागऱ्याच्या घेरावरून फिरत राहिलं, कांचळीवर गेलं, डाव्या बाहीवर थांबलं. वर उजेड होता तिथे त्यांचं बोट गेलंच नाही. मला राहवेना. तोंड गेलं याडी, मी म्हणालो.

"तोंड कुठं जातंय? हे काय हितं हाय," त्या म्हणाल्या. "कापडं मोडले व्हते. ते आले."

मग त्यांनी फोटो सुनेकडे दिला आणि माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. "व्हय रे, तोंड ऱ्हायलं म्हणतो तर काढ की आता."

जीपवाला माझ्याकडे बघायला लागला. एकदाच म्हणजे एकदाच, हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. भिंगातून बघताना डोळ्यांत पाणी येत होतं, त्यामुळे नीट जुळवायला मला फार वेळ लागला. याडी हलल्या नाहीत. थेट कॅमेऱ्यात बघत बसल्या. मी बटण दाबलं.

"झालं?"

झालं, मी म्हणालो.

"मंग अजून एक काढ," त्या म्हणाल्या. "एखादा बिघडला तर तुह्यापाशी एक असू दे."

त्यांनी पदर सारखा केला, आणि मी फिल्म पुढे ओढली.