पंचवीस झाडं अन् एकच खड्डा

लोक चहा पिता पिता दुसऱ्याची फजिती सांगतात. मी आज माही सांगतो. पण एक अट आहे. हसायचं ते शेवटी हसा. मधातच कोणी दात काढले तर मी उठून जाईन, मले ते खपत नाही.

आमच्या सोनाळ्यात एक सेवा क्लब आहे. पंचवीस वर्षांआधी सात जणांनी काढला, त्यातला मी एक. सेवा कोणाची? ते विचारूच नका! दर पावसाळ्यात ग्रामपंचायतीसमोर एक झाड लावायचं, सगळ्यांनी मिळून एकच फावडं धरायचं, फोटोवाल्याकडं पाहून दात काढायचे. झाली सेवा! अन् खड्डा कोणता? पहिल्या वर्षी खंदला तोच! नवा खंदायले या लोकायच्या कमरा वाकत नाहीत ना.

झाडं लावली पंचवीसेक. खड्ड्यात पाहाल तर एक काडी नाही.

माहं घर त्या खड्ड्याच्या समोरच. ओट्यावर बसून क्लबले शिव्या देणं, हेच आता माहं काम. दुपारी डोळा लागतो तेवढीच काय ती सुट्टी. हां, एक सेवा मात्र मी इमानदारीनं केली. मीटिंगच्या चहाले दूध माह्या घरचं. बकरीचं, अन् तेही फुकट! क्लबच्या फाटक्या बॅनरची पट्टी मी त्याच बकरीच्या, आमच्या बिजलीच्या, गळ्यात बांधली. म्हटलं, बॅनर कुठं तरी कामी आलं पाहिजे.

यंदा क्लबचा रौप्यमहोत्सव. अध्यक्ष पंजाबभाऊ, कापड दुकानवाला, घरी आला.

"काका, क्लबचा इतिहास तुम्हीच सांगा. जुन्यातले तुम्ही अन् सलीम गुरुजी, दोघंच उरले."

"खरा सांगू का खोटा?"

"खराच सांगा ना."

"मंग रडू नको बे."

आमची बुढी आतून ओरडली, "पंजाबभाऊ, काऊन आपल्या पायावर धोंडा पाडून घेता? या माणसाच्या हाती माईक देऊ नका!"

बायकोचं ऐकलं असतं तर आज तुम्हाले सांगायले काही उरलंच नसतं.

खड्ड्याजवळच मंडप टाकला. पाहुणे आले. त्याच खड्ड्यात कडुनिंबाचं रोपटं लागलं. मले शाल, नारळ झालं अन् माईक हाती आला. मंग काय! पंचवीस वर्षांची मळमळ बाहेर पडली.

"या क्लबचा इतिहास म्हणजे हा खड्डा! इतकी झाडं लावली, एक जगलं नाही. मेली कशानं? कोणी तरी मारली ना?"

सलीम गुरुजी पहिल्या दिवसापासून क्लबचे सचिव. मांडीवर मीटिंगचं रजिस्टर. त्यायनं माहा सदरा मागून ओढला.

"गुलाबभाऊ, बस झालं. खाली बसा."

"काऊन बसू? गुरुजी, तुमच्या रजिस्टरात लिहिलं असंल तर वाचा!"

"घरी येऊन सांगतो."

"घरी नाही, माईकवर!" माहा आवाज चढला. "ज्यानं झाडं मारली त्यानं समोर यावं! ये! ये समोर! अन् त्यानं जन्मभर या खड्ड्यातल्या झाडाले रोज दोन बादल्या पाणी घालावं. हा माहा निकाल!"

टाळ्या पडल्या. काय टाळ्या! मले वाटलं, गावाले अक्कल आली.

अन् एकाएकी टाळ्या थांबल्या. सगळे माह्या मागं पाहून राह्यले.

मी वळलो. दोर अन् खुंटा ओढत बिजली येऊन राह्यली होती. संध्याकाळी खायले कुटार टाकतो तेव्हा मी तिले असाच ओरडून बोलावतो. इथं तर भोंगा लावून ओरडलो! माणसांतून वाट काढत ती नीट खड्ड्यावर गेली अन् रोपट्याचा कोवळा शेंडा कचकन तोडला. गळ्यात क्लबचं बॅनर. त्यावर 'सेवा' हा शब्द साफ दिसत होता.

गुरुजींनी रजिस्टर उघडलं. "पहिलं वर्ष, झाड गुलाबभाऊंच्या बकरीनं खाल्लं. दुसरं वर्ष, तिनंच. मंग तिच्या पोरीनं. मंग नातीनं, म्हणजे ही बिजली."

"अन् मले सांगितलं काऊन नाही?"

"माह्या बापानं एकदा सांगून पाह्यलं," पंजाबभाऊ म्हणाला. "तुम्ही काठी घेऊन त्यायले चौकापर्यंत पळवलं."

"मंग झाडाले जाळी लावायची होती!"

"दोनदा लावली, काका. दोन्ही वेळा तुम्हीच उपटून नेली, कोंबड्यांच्या खुराड्याले."

खरं होतं. मले वाटलं, बेवारस आहे.

गुरुजी हळूच म्हणाले, "जाऊ द्या, झाडं काही वाया गेली नाहीत. दर मीटिंगले चहातून आपण सगळ्यांनीच पिली."

मंडप हसला. पाहुणे हसले. बुढी तर पदर तोंडात कोंबून हसली.

आता निकाल माहाच, तो मोडू कसा? खड्ड्यात नवं रोपटं लावलं, खुराड्याची जाळी काढून त्याले लावली. रोज सकाळी दोन बादल्या घेऊन जातो. बिजलीले एकटी सोडायची सोय नाही, म्हणून तिचा दोर माह्या मनगटाले.

परवा क्लबचं इतिहासाचं पुस्तक छापून आलं. पहिल्याच पानावर आमचा दोघांचा फोटो, रंगीत. खाली लिहिलं आहे, 'बिजली अन् तिचे मालक.'

मी पंजाबभाऊले विचारलं, "माहं नाव कुठं आहे बे?"

तो म्हणाला, "काका, त्याची काय गरज? बिजलीले सगळे ओळखतात."