मामाचा शिनेमा

आमच्या घरात खोटं बोलणाऱ्याला कुणी थापाड्या म्हणत नसे. "हा झाला मामाचा शिनेमा," एवढं म्हटलं की पुरे. शाळा बुडवायला पोटदुखी काढली की आई म्हणायची, मामाचा शिनेमा बंद कर आणि दप्तर उचल. पुढे हाच शब्द मी माझ्या मुलांवर चालवला. त्यामागे खरोखरचा मामा आणि खरोखरचा सिनेमा आहे, हे त्यांना फार उशिरा कळलं.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. कर्जतच्या पुढे, माथेरानच्या पायथ्याशी त्याचं गाव. उमेदीची सगळी वर्षं तो रोज डोंगर चढून माथेरानला घोडा घेऊन उभा राहायचा. गिऱ्हाईक घोड्यावर, मामा लगाम धरून बाजूनं पायी. एकेक पॉइंट दाखवायचा, चार शब्द माहिती सांगायची, पुढे निघायचं. आता गुडघ्यांनी दगा दिलाय, घोडा पुतण्याकडे आहे आणि मामा घरात.

त्याचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. मुलीचे वडील खालापूरकडचे, भातशेतीवाले, करडे गृहस्थ. त्यांनी विचारलं, घोड्यामागं धावण्याशिवाय आणखी काय करता? मामा तेव्हा विशीतला. त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी शिनेमात काम केलंय." सिनेमाचं नावही सांगून बसला. त्या भागात चित्रीकरण झालं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही. लग्न झालं. वर्षाच्या आत तो सिनेमा खोपोलीच्या टॉकीजला लागला, आणि सासऱ्यांनी जावयाला बघायला टेंपो भरून माणसं नेली.

त्यांनी सिनेमाभर मामाला शोधलं. शिपायांत शोधलं, बाजारात शोधलं, पालखीच्या भोयांत शोधलं. मामा कुठेच नव्हता. टॉकीजच्या बाहेर, भर रस्त्यात, सासरे म्हणाले, "पोरगी थापाड्याच्या गळ्यात बांधली मी." मामी तिथेच उभी होती, सहा महिन्यांची नवी नवरी. पुढं ते वारले तोवर त्यांनी जावयाचा एक शब्द खरा मानला नाही. आणि मामीनंही नवऱ्याच्या बोलण्यावर विसंबणं सोडलं ते सोडलंच. आज पाऊस नाही असं मामा म्हणाला तर ती अंगणात जाऊन आभाळ बघून येते.

मला ही गोष्ट आईकडून कळली, आणि मला त्यात एकच प्रश्न पडला. जो माणूस गिऱ्हाइकाला उरलेले पैसेसुद्धा मोजून परत देतो, तो एकदाच एवढी मोठी थाप का मारेल? मी मामाला कितीदा विचारलं. तो म्हणायचा, "झाकली मूठ ऱ्हाऊ दे गं." माझ्या चौकसपणाला घरात कुणी गुण म्हणत नाही. जादूगार एक हात दाखवतो तेव्हा मी त्याचा दुसरा हात बघते, हे माझं लहानपणापासूनचं. सिनेमा बघतानाही मला सिनेमापेक्षा तो केला कसा याचंच पडलेलं असतं.

म्हणून गेल्या हिवाळ्यात एका वाहिनीनं रविवारी दिवसभर जुने मराठी सिनेमे लावले, मध्ये मध्ये पडद्यामागच्या गोष्टी सांगणार म्हणून जाहिरात केली, आणि यादीत तिसरा सिनेमा तोच निघाला, तेव्हा मी सकाळीच शिळफाट्याच्या घरून मामाकडे निघाले. हा सिनेमा मी कधी पाहिला नव्हता. तो कुठे मिळतच नव्हता. सहज आले, असं मी मामीला सांगितलं. म्हणजे माझाही शिनेमाच.

मामी वाल भिजवून मोड आणून बिरडं सोलायला बसली होती. टीव्हीकडे पाठ. "तुला बघायचं तर बघ, मला त्या डबड्यात काय इंट्रेस नाय," ती म्हणाली. मामा पलंगावर पाय लांब करून बसला होता.

पहिले दोन सिनेमे मजेत गेले. एक निवेदिका येऊन सांगायची, आता जो चंद्र दिसेल तो पिठाची चाळण आहे, वर तेलकट कागद आणि मागे दिवा. वाड्याची भिंत गोणपाटाची, वर शेणमातीचा लेप. तान्हं बाळ रडावं म्हणून त्याच्या आईला त्याच्या नजरेआड उभं केलेलं. मामा लहान मुलासारखा ऐकत होता. "आणि पाऊस कुठनं आनला?" असं त्यानं टीव्हीलाच विचारलं. आगीच्या बंबातून, हे कळल्यावर त्यानं समाधानानं मान हलवली.

तिसरा सिनेमा सुरू झाला आणि मामाची गंमत गेली. बकरीला पाला टाकून येतो म्हणाला. आला, तो पाण्याची मोटार बंद केली का बघतो म्हणाला. गुडघे दुखणारा माणूस दहा मिनिटांत तीनदा उठला. मी पडद्यावरचा एकेक शिपाई तपासत होते आणि अर्धं लक्ष मामावर होतं. शिपायांत तो नव्हता. सासऱ्यांची नजर चांगली होती म्हणायची.

गोष्ट एका सरदाराच्या मुलीची. शत्रू गावावर चालून येतोय हे तिला कळतं, ती घोड्यावर बसून इशारा द्यायला निघते. इथे सिनेमा थांबवून निवेदिका आली. आता येणारा प्रसंग नीट बघा, ती म्हणाली. नायिकेनं ही घोडदौड स्वतः केली, बदली माणूस न घेता. घोडा अगदी कड्याच्या टोकाशी थांबतो, त्यासाठी त्याला कित्येक दिवस शिकवलं होतं. आणि खाली जळणारं गाव बघून ती जो हात करते, तो तिला त्या क्षणी आपोआप सुचला. टॉकीजमध्ये बायका या हाताला रडायच्या. सिनेमा काळापांढरा असल्यामुळे दिसणार नाही, पण तिचं लुगडं लालभडक होतं.

"जांभळं," मामा म्हणाला.

मी वळून बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"तुला काय माहीत?"

"आपलं म्हटलं."

मग तो प्रसंग लागला. लांबून एक घोडा उधळत येतो. वर नऊवारी नेसलेली बाई, पदर तोंडावरून घट्ट बांधलेला. कडा जवळ येतो. मी सवयीप्रमाणे दुसरा हात बघत होते, लगामाचा. तो लगाम खेचलाच गेला नाही. घोडा आपणहून थांबला, मान खाली घातली, आणि आता कुणीतरी उतरेल अशी वाट बघत उभा राहिला. मला माथेरानचे घोडे ठाऊक आहेत. पॉइंट आला की ते थांबतात. त्यांना कुणी शिकवावं लागत नाही, तिथे गिऱ्हाईक उतरतं एवढं ते जाणून असतात.

आणि मग त्या बाईचा हात वर आला. सरळ समोर, दोन बोटं पुढे, आणि मनगट दोनदा खाली वाकलं.

माझ्या मे महिन्याच्या सुट्ट्या त्या हाताखाली गेल्या आहेत. मी मामाच्या घोड्यामागून चालायची. पॉइंटवर बाकीचे घोडेवाले किल्ले आणि सुळके दाखवायचे. मामा ते दाखवून झालं की हात लांब करून म्हणायचा, "आनि त्ये बघा, खाली. आनखी खाली. नदीच्या कडंला कौलं दिसत्यात ना, त्ये माजं घर." दर वेळी, दर गिऱ्हाइकाला. मुंबईच्या माणसांना त्या घराचं काय, हा विचार त्याला कधी शिवला नाही.

"मामा, हा तुझा हात आहे," मी म्हणाले. विचार करून म्हणाले असते तर बरं झालं असतं, पण तोंडातून गेलं. मामीची सोलणारी बोटं थांबली.

मग मामानं सांगितलं, एकदाच आणि थोडक्यात. नायिकेला घोड्याची भीती. बारीक अंगाचा आणि घोड्यावर पक्का असा माणूस हवा होता, तो एकटाच निघाला. गंगावन लावलं, लुगडं नेसवलं. जवळून चेहरा दिसावा म्हणून नायिकेला नंतर बाकड्यावर बसवलं आणि दोन माणसांनी बाकडं हलवलं. घोडा पॉइंटवर थांबला तसा ह्याचा हात सवयीनं वर गेला, बाजूला कॅमेरावाले होते त्यांना घर दाखवायला. आता शिव्या बसणार असं त्याला वाटलं, तर दिग्दर्शकानं येऊन पाठ थोपटली.

"मग टॉकीजपाशी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर घोडेवाले मला मरंस्तवर नाच्या म्हनले असते. थापाड्याची बायको तरी नांदती."

मला हसू आलं आणि लगेच माझी मलाच लाज वाटली. मीही 'मामाचा शिनेमा' हा शब्द आयुष्यभर वापरला होता, माझ्या मुलांच्या तोंडीही घातला होता. तेवढ्यात त्या प्रसंगानंतर लागलेल्या जाहिराती संपल्या आणि वाहिनीनं तोच तुकडा पुन्हा दाखवला, या वेळी सावकाश करून. मामी वळून बसली होती. घोडा थांबला. हात वर आला, दोनदा वाकला. तिनं तो हात शेवटपर्यंत बघितला, मग मामाचा मांडीवरचा हात बघितला.

मला वाटलं, ती आता हसेल किंवा डोळ्याला पदर लावेल. ती चिडली. एवढी चिडलेली मी तिला कधी बघितली नव्हती, आवाज मात्र वर गेला नाही.

"माजा बाप तुमाला थापाड्या म्हनत गेला," ती म्हणाली. "शेवटचं पानी तुमच्या हातनं प्याला नाय त्यो. मी सनासुदीला माह्यारी जाताना खाली मान घालून गेले. आनि तुमाला लुगड्याची लाज वाटत व्हती."

"तुजा बाप हसला असता मला," मामा म्हणाला.

"हसू द्यायचं व्हतं. हसला असता, चार दिवसांनी इसरला असता. खरं तरी राहिलं असतं माज्यापाशी."

मामानं पाय खाली सोडले आणि जमिनीकडे बघत राहिला. मला त्याचं वाईट वाटत होतं, पण बरोबर मामीचंच होतं. मी मनात कितीही उलटसुलट केलं तरी तिचंच बरोबर निघत होतं.

पडद्याच्या तळाशी पट्टी सरकत होती, हाच सिनेमा उद्या सकाळी आठ वाजता पुन्हा. मामीनं मला ती वाचायला लावली, मग पुन्हा एकदा वाचायला लावली. हात पदराला पुसले आणि मला तिच्या धाकट्या भावाचा नंबर लावून द्यायला सांगितला. तो खालापूरकडे, बापाच्याच घरात राहतो.

"उद्या सकाळी आठला टीव्ही लाव," ती फोनवर म्हणाली. "पोरं, सुना, समद्यांना बसव. त्यो शिनेमा लागनार हाय."

पलीकडे कोणता सिनेमा हे लक्षात आलं असावं, कारण हसण्याचा आवाज मला बाजूला ऐकू आला. मामीनं त्याला हसून संपवू दिलं.

"हां, त्योच. टेंपो करून गेलतो त्यो. त्यात एक बाई घोड्यावर बसून येती आनि कड्यावर हात करती."

मामा हातानं नको नको करत होता. मामीनं त्याच्याकडे पाठ केली.

"ती बाई म्हंजी तुजे भावजी हायेत. हां, लुगडं नेसून. जांभळं. पोट धरून हसलास तरी चालंल रं. पर बाबांचा फोटो भिंतीवरनं काढ आनि टीव्हीसमोर आनून ठेव."